मुलांना मातीची व तिच्या थरांची ओळख
उल्हास नदीच्या खोऱ्यातील शाळांसाठी एक सोपा उपक्रम

शेतकऱ्याचे मूल मातीतच वाढते. चिखलणीच्या दिवसांत ते खाचरात उतरते, आवण लावणाऱ्या आईच्या मागे मागे हिंडते आणि बांधावर बसून न्याहारी करते. तरीही खाचरातील माती वीतभर खाली कशी असते, तिच्याखाली काय असते आणि शेजारच्या माळावरची माती निराळी का, असे विचारल्यास त्यास उत्तर देता येत नाही. पुष्कळदा ते मोठ्या माणसांनाही देता येत नाही. ज्या जमिनीवर घराचा सारा योगक्षेम चालतो, तिच्याविषयीचे हे अज्ञान दूर करण्याची योग्य वेळ म्हणजे शाळेचे वय होय.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात या शिक्षणाची निकड अधिक आहे. येथील भातजमिनींवर वसाहती उठत आहेत. काही ठिकाणी खाचराचा वरचा थर वीटभट्टीसाठी विकला जातो, तर काही ठिकाणी डोंगर पोखरून मुरूम नेला जातो. आज शाळेत बसलेली मुले उद्या या जमिनींचे मालक होतील. माती विकावी की राखावी, याचा निर्णय त्यांनाच करावा लागेल. तो निर्णय समजून उमजून व्हावयास हवा असेल, तर वरचा थर म्हणजे काय हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे.

एकाच खडकाची अनेक लेकरे

या भागातील जमिनीचा मूळ खडक एकच, तो म्हणजे काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेला तप्त रस थरावर थर साचून थिजला आणि त्यापासून सह्याद्री घडला. ऊन, पाऊस, झाडांची मुळे आणि सूक्ष्म जीव यांनी तो खडक झिजवला. त्याचा प्रथम मुरूम झाला आणि मुरमाची माती झाली.

खडक एक असला तरी माती सर्वत्र एकसारखी नाही. डोंगरउतारावर पावसाच्या जोराने बारीक कण वाहून जातात व मागे उथळ, खडेमिश्रित वरकस जमीन उरते. तीत नाचणी व वरई ही पिके येतात. उताराच्या पायथ्याशी आणि सपाटीवर वाहून आलेले बारीक कण साचून भाताची खाचरे तयार झाली. नदीकाठी महापुराच्या गाळाने पोयट्याची खोल जमीन बनली. कल्याणपुढे खाडीचे पाणी जेथे शिरते, तेथे खारवट जमीन लागते. नेरळजवळच्या माथेरानच्या माथ्यावर तर लाल जांभा आढळतो. दीर्घकाळच्या पावसाने काळ्या पाषाणातील चुना व सिलिका धुऊन गेली, लोह व ॲल्युमिनियमचे अंश मागे राहिले आणि लोहाच्या गंजाने त्यास तांबडा रंग आला.

माथेरानचा माथा, डोंगराचा उतार, पायथ्याचे खाचर आणि नदीकाठ या चार ठिकाणची मूठ मूठ माती मुलांकडून गोळा करवून चार कागदांवर शेजारी शेजारी ठेवावी. एकाच खडकाची ही चार लेकरे आहेत, असे सांगितले की उतार, पाणी व काळ यांचे कार्य मुलांच्या ध्यानी येते.

देवळाचा दगड काय सांगतो

माती तयार होण्यास किती काळ लागतो, हे समजावण्यासाठी अंबरनाथच्या शिवमंदिरासारखे उत्तम साधन नाही. शिलाहार राजांच्या काळातील या मंदिराच्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060 हे वर्ष कोरलेले आहे. साडेनऊशेहून अधिक पावसाळे अंगावर घेऊनही त्याच्या काळ्या दगडावरील मूर्ती ओळखू येतात. काही ठिकाणी नक्षी झिजली आहे, कोठे शेवाळ व दगडफूल धरले आहे, इतकेच. यावरून कठीण पाषाणाची माती होण्यास मानवी पिढ्यांचा हिशोब पुरत नाही, हे मुलांस उमगते. बोटभर माती घडण्यास शेकडो वर्षे लागतात. ती खणून गाडीत भरण्यास एक सकाळ पुरते. मंदिर संरक्षित असल्याने दगड खरवडणे वा त्यावर काही लिहिणे कटाक्षाने टाळावे. केवळ निरीक्षण करावे.

थर कसे दाखवावेत

जमिनीस वरून खाली असे निरनिराळे थर असतात व त्यांच्यावरून तिचा इतिहास वाचता येतो, हा विचार रशियातील शास्त्रज्ञ दोकुचायेव यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. तेथील काळ्या मातीवरील त्यांचा ग्रंथ 1883 साली प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञ मुख्य थरांस ए, बी व सी अशी नावे देतात. मुलांना मात्र वरची माती, पोटमाती, मुरूम आणि कातळ ही घरची नावे पुरेशी आहेत.

थर दाखविण्यासाठी मुद्दाम मोठा खड्डा खणण्याची गरज नाही. नव्या विहिरीची बाजू, ओढ्याचा तुटलेला काठ किंवा रस्त्याच्या कडेचा ताजा काप चालतो. काप उभा असल्यास तो कोसळण्याचा संभव असतो. म्हणून मुलांना त्याच्या कडेवर वा तळाशी उभे करू नये. शाळेच्या आवारात खणावयाचेच झाल्यास खड्डा गुडघाभर खोल असावा व काम संपताच बुजवावा.

भाताच्या खाचरात पुढील गोष्टी दिसतात :

1. वरची माती. सुमारे वीतभर जाडीची, मुळांनी भरलेली व रंगाने गडद. पालापाचोळा व शेण कुजून तीत मिसळलेले असते.

2. नांगरतळाचा घट्ट थर. वर्षानुवर्षे चिखलणी केल्याने वरच्या मातीखाली हा दाट थर बसतो. चाकूचे टोक टोचले असता येथे ते अडते. हा निसर्गाने नव्हे, तर शेतकऱ्याने घडविलेला थर आहे. त्याच्यामुळेच खाचरात पाणी तुंबून राहते.

3. पोटमाती. हीत चिकणमाती अधिक असून मुळे विरळ असतात. राखी रंगात गंजासारख्या तांबूस रेषा दिसतात. पाण्याखालच्या मातीत हवा नसल्याने लोहाचा रंग फिका पडतो. भाताची मुळे जेथून हवा खाली नेतात, तेथे लोह गंजते व रेष उमटते.

4. मुरूम व त्याखाली कातळ. येथे पाण्याची ओल टिकत नाही व मुळांस अन्न मिळत नाही.

भातकापणीनंतर याच शेतांत वाल पेरला जातो. पाऊस नसता तो कोणत्या पाण्यावर वाढतो, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. उत्तर त्यांनी स्वतःच खड्ड्यात हात घालून शोधावे. वरची माती कोरडी आणि खालची ओलसर लागली की वालाच्या मुळांचे गुपित उलगडते.

दोन सोपे प्रयोग

बाटलीचा प्रयोग : काचेच्या सरळ बाटलीत तिसरा हिस्सा माती घ्यावी. चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून बाटली पाण्याने जवळजवळ भरावी व झाकण लावून जोराने हलवावी. एका मिनिटात वाळू तळाशी बसते. पुढील दोन तासांत पोयटा बसतो. चिकणमाती बसण्यास एक दिवस वा अधिक लागतो. कुजलेले काडीकचऱ्याचे अंश वर तरंगतात. दुसऱ्या दिवशी मुलांनी पट्टीने प्रत्येक थराची जाडी मोजून वहीत लिहावी. नदीकाठची व वरकस माती यांच्या बाटल्या शेजारी ठेवल्यास फरक तात्काळ दिसतो.

फितीचा प्रयोग : ओल्या मातीचा गोळा अंगठा व तर्जनी यांत दाबून फीत काढावी. वाळूसर मातीची फीत होत नाही. पोयट्याची फीत इंचाच्या आत तुटते. चिकणमातीची दोन इंचांहून लांब निघते.

माती हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची शिस्त असावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जखम असलेल्या मुलाने चिखलात उतरू नये. वालधुनी नदीचा व कारखान्यांच्या नाल्यांचा गाळ मुलांच्या हाती देऊ नये. तो सांडपाण्याने दूषित असतो.

शहरातील मुलांचे काय?

उल्हासनगरात शेत नाही, तेव्हा तेथील मुलांना या शिक्षणाचा उपयोग नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांनी आश्रय घेतला व 1949 साली या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ही कुटुंबे सिंधू नदीच्या गाळाच्या प्रदेशातून आली. तेथे खोलवर दगड लागत नाही. येथे मात्र थोडे खणले की कातळ लागतो. आजीआजोबांकडून ऐकलेली तिकडची माती आणि इकडची माती यांची तुलना हा त्या मुलांसाठी उत्तम धडा आहे. इमारतींचे पाये खणले जात असता दुरून थर पाहता येतात. कुंड्या व परसबागेतही बाटलीचा प्रयोग होऊ शकतो.

शाळेच्या भिंतीबाहेरील शिक्षणाची परंपरा या प्रदेशास नवी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे ते कोसबाड येथे गेले. त्यांनी व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. परिसरातील वस्तू हेच तेथे शिक्षणाचे साहित्य होते. तीच दृष्टी मातीच्या शिक्षणास लागू पडते.

हिशोबाचा धडा

वरिष्ठ वर्गातील मुलांकडून एक गणित अवश्य सोडवून घ्यावे. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. त्यावरील 15 सेंटिमीटर माती काढली, तर सुमारे 15 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 20 टन माती जाते. तिच्याबरोबर कुजलेले सेंद्रिय द्रव्य, गांडुळे आणि पिकाचे बहुतेक अन्न जाते. खाली उरतो तो घट्ट थर व पोटमाती. विटांचे पैसे एकदा मिळतात. भाताची तूट वर्षानुवर्षे सोसावी लागते. हे गणित मूल घरी जाऊन वडिलांस सांगेल, तेव्हा उपक्रमाचे खरे फळ मिळेल.

कार्यकर्त्यांनी काय करावे

या कामास दिवाळीनंतरचा काळ सर्वांत सोयीचा. भात निघालेले असते, जमिनीत ओल असते व पुराचे भय नसते. 5 डिसेंबर हा जागतिक मृदा दिन 2014 पासून अधिकृतपणे पाळला जातो. त्याच सुमारास कार्यक्रम ठेवावा. गावातील एखाद्या जाणत्या शेतकऱ्यास बोलावून त्याच्या तोंडून शेतांची व मातीची स्थानिक नावे मुलांना ऐकवावीत.

त्याच दिवशी मातीचा नमुना घेण्याची रीतही शिकवावी. बांध, उकिरडा व झाडाची सावली टाळून शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यावेत. त्यांच्या कडेची माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत व समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत ही कृती चालू ठेवावी. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांसह बारा गोष्टींची नोंद असते. घरी अशी पत्रिका असल्यास मुलाने ती शाळेत आणून वाचावी व तिचा अर्थ घरच्यांस समजावून सांगावा.

एक फावडे, चार बाटल्या, एक पट्टी आणि एक सकाळ एवढीच या उपक्रमाची सामग्री आहे. प्रत्येक गावात वर्षातून एकदा तरी तो झाल्यास, आपल्या शेताच्या वीतभर मातीची किंमत जाणणारी पिढी या खोऱ्यात तयार होईल यात शंका नाही.