दवाखान्यासाठी अर्ज

आपल्या भागात दवाखाना व्हावा असे सर्वांनाच वाटते. पण तो मागावा कसा, हे थोड्यांनाच ठाऊक असते. सरकारी नोकरीत असे पुष्कळ अर्ज मी वाचले. बहुतेक गरज सांगतात आणि तेथेच थांबतात. म्हणून तंजावरच्या एका जुन्या विनंतिपत्राची आठवण करून द्यावीशी वाटते.

१७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार सरफोजी राजांच्या हातून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांनी उभारलेल्या छत्रांचे आता काय होणार? १८०१ मध्ये राजांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून ही छत्रे पूर्ववत चालावीत अशी विनंती केली. त्यात छत्रांचे काम तपशिलाने मांडले होते. वाटसरू कोणत्याही जातीचा असो, त्याला अन्न मिळे. आजाऱ्याला बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचे जेवण मिळे. विषबाधेवर उपचार जाणणारे वैद्य नेमलेले असत. बाळंतिणीची शुश्रूषा होई. अनाथ मुले पंतोजींच्या स्वाधीन केली जात. या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले असे. १८०२ मध्ये राजांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबा छत्र उभारले.

कामाचा तपशील आणि खर्चाची कायम तरतूद, हे या व्यवस्थेचे मर्म होय. कॅलिफोर्नियात १९४५ च्या कायद्याने हीच गोष्ट रहिवाशांच्या हाती दिली. त्यांनी सह्यांचा अर्ज करावयाचा; सुनावणीनंतर मतदान व्हावयाचे; कौल अनुकूल पडला की त्या टापूचा रुग्णालय-जिल्हा बने आणि निवडून आलेल्या मंडळाकडे त्याचा कारभार जाई. कर बसवून रुग्णालय चालविण्याची सोयही त्यात होती.

दोहोंत एक मोठा फरक आहे. तंजावरची विनंती एकट्या राजाची होती. १८५५ मध्ये शिवाजी राजे पुत्रावाचून वारले, संस्थान बुडाले आणि छत्रे सरकारच्या हाती गेली. ज्यांच्यासाठी ती होती, त्यांना कोणी विचारले नाही.

आपल्याकडे रुग्णालयासाठी असा स्वतंत्र कर-जिल्हा नाही. परंतु ग्रामसभेचा ठराव आहे. सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात २०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा दंडक आहे. तेव्हा ठरावात लोकसंख्या लिहा, जवळच्या केंद्राचे अंतर लिहा, पावसाळ्यात वाट बंद होत असेल तर तेही लिहा, आणि देता येण्याजोगी जागा दाखवा. मग सर्वांनी सह्या करा. एकाच्या सहीवर मिळालेला दवाखाना त्या एकाबरोबर जाऊ शकतो. गावाने मागितलेल्या दवाखान्याचा जाब गावाला विचारता येतो.