औषधी अळंबीं : संशोधन काय सांगतें?

पावसाळ्याच्या आरंभीं कुजलेल्या लांकडावर, गवताच्या गंजीखालीं आणि वारुळांवर जीं अळंबीं उगवतात, तीं आपल्या शेतकऱ्यांस अपरिचित नाहींत. परंतु गेल्या कांहीं वर्षांत अळंब्यांस ‘औषधी’ असें एक नवें विशेषण जोडलें गेलें आहे. शिताके, रेशी वगैरे परकी नांवांच्या अळंब्यांचें चूर्ण बाजारांत विकावयास येतें; कर्करोग, मधुमेह यांसारख्या दुर्धर व्याधी त्यानें बऱ्या होतात असें सांगण्यांत येतें; आणि हीं अळंबीं लावा म्हणजे सोन्याच्या मोलानें विकलीं जातील, असा उपदेशही शेतकऱ्यांस केला जातो. घेणारा आणि पिकविणारा या दोन्ही नात्यांनीं आमच्या वाचकांचा या प्रश्नाशीं संबंध येतो. म्हणून शास्त्रीय संशोधनानें आजवर काय सिद्ध झालें आहे व काय झालेलें नाहीं, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

अळंबें म्हणजे वनस्पति नव्हे. तें बुरशीचें फळ होय. बुरशीचें मुख्य शरीर तंतुरूपानें लांकडांत किंवा पेंढ्यांत पसरलेलें असतें व योग्य ओल मिळतांच छत्रीच्या आकाराचें फळ वर येतें. या तंतूंच्या पेशींच्या भिंती ज्या द्रव्यांच्या बनलेल्या असतात, त्यांत ‘बीटा-ग्लूकन’ हें एक प्रमुख आहे. साखरेच्या असंख्य कणांची ही एक लांब सांखळी असून मनुष्याच्या पाचक रसांनीं ती तुटत नाहीं. औषधी अळंब्यांविषयींचें पुष्कळसें संशोधन या एकाच द्रव्याभोंवतीं फिरत आलें आहे.

या संशोधनाचा पाया जपानांत घातला गेला. तेथील शेतकरी ओक जातीच्या झाडांचे ओंडके तोडून, त्यांस भोंकें पाडून, त्यांत बीज भरून शिताके पिकवितात. टोकियो येथील राष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेंतील गोरो चिहारा व त्यांचे सहकारी यांनीं १९६९ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, शिताक्याच्या उष्ण जलार्कापासून निराळें केलेलें द्रव्य उंदरांस टोंचलें असतां, त्यांच्या अंगांत मुद्दाम रुजविलेल्या कर्कगांठींची वाढ खुंटते. या द्रव्यास ‘लेंटिनन’ असें नांव मिळालें. पुढें १९७१ सालीं त्याच संशोधकांस असें आढळलें कीं, ज्या उंदरांची थायमस नांवाची छातींतील ग्रंथि जन्मतःच काढून टाकली आहे, त्यांच्यावर लेंटिननचा गुण येत नाहीं. ही ग्रंथि रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी तयार करणारी आहे. यावरून लेंटिनन गांठीस स्वतः मारीत नसून शरीराच्या संरक्षक पेशींस जागें करतें, असें अनुमान निघालें. हें द्रव्य कीड मारणारें विष नव्हे, तर राखणदारास दिलेली हांक होय, असें म्हटल्यास वाचकांच्या ध्यानीं येईल. ही हांक ऐकणारा एक ‘कान’ही पुढें सांपडला : बीटा-ग्लूकनास ओळखणारा ‘डेक्टिन-१’ नांवाचा घटक पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असतो, असें गॉर्डन ब्राउन व सायमन गॉर्डन यांनीं ऑक्सफर्ड येथें २००१ सालीं दाखवून दिलें.

येथवरची हकीकत बहुतांशीं उंदरांची झाली. मनुष्यास गुण येतो कीं नाहीं हें ठरविण्याची रीत निराळी आहे, आणि ती शेतकऱ्यास समजणें कठीण नाहीं. नव्या खताची परीक्षा करतांना आपण एका वाफ्यास तें खत घालतों व शेजारचा वाफा त्या खताशिवाय राखतों; बी, पाणी व मशागत दोहोंस सारखींच देतों. शेजारचा वाफा न राखतां केवळ पीक चांगलें आलें म्हणून खताची वाहवा करणें व्यर्थ होय, कारण तो गुण कदाचित् पावसाचाही असेल. रुग्णांच्या बाबतींतही हाच न्याय लागू पडतो. एका समूहास औषध द्यावें, दुसऱ्यास देऊं नये, कोणी कोणत्या समूहांत पडावें हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरवावें व मग दोहोंची तुलना करावी.

अशा परीक्षेस उतरलेलें एक अळंबें आहे. वाळलेल्या लांकडावर रंगीत पट्ट्यांच्या पंख्यासारखें उगवणारें ‘कावाराताके’ या नांवाचें हें अळंबें होय. त्यापासून काढलेलें ‘क्रेस्टिन’ हें पोटांत घेण्याचें औषध १९७७ सालीं जपानांत मान्य झालें. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या २६२ रुग्णांवर केलेल्या परीक्षेचा निष्कर्ष १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. पांच वर्षांनंतर नेहमींच्या औषधासोबत क्रेस्टिन घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ७३ रुग्ण जिवंत होते; नेहमींचेंच औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६०. हा लाभ लहान म्हणतां येणार नाहीं. तथापि येथें दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. या सर्व रुग्णांची गांठ शस्त्रानें काढलेली होती, आणि क्रेस्टिन हें नेहमींच्या औषधाऐवजीं नव्हे, तर त्याच्या जोडीस दिलें होतें.

लेंटिननचा अनुभव याहून वेगळा आला. जठराच्या कर्करोगावर इतर औषधाच्या जोडीस टोंचावयाचें औषध म्हणून १९८५ सालीं जपानांत त्यास मान्यता मिळाली. परंतु शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या किंवा रोग उलटलेल्या ३०० हून अधिक रुग्णांवरील एका मोठ्या परीक्षेचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत नव्या औषधास लेंटिनन जोडल्यानें आयुष्य वाढल्याचें दिसलें नाहीं. उंदरांतील यश मनुष्यांत जसेंच्या तसें उतरत नाहीं, याचें हें उत्तम उदाहरण होय. शिवाय हें औषध शिरेंतून द्यावयाचें होतें. शिताक्याची भाजी खाणें आणि लेंटिनन टोंचून घेणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

आतां रेशीकडे वळूं. यास चीनमध्यें ‘लिंगझी’ म्हणतात. शास्त्रीय नांव गॅनोडर्मा. कोंकणांतील बागाईतदारांस या कुळाची ओळख निराळ्या रीतीनें आहे, कारण याच कुळांतील बुरशी नारळ-पोफळींच्या मुळांत शिरून तीं कुजवितात. कर्करोगावर गॅनोडर्मा देऊन केलेल्या परीक्षांचें संकलन कॉक्रेन या संस्थेनें २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत ५ परीक्षा व ३७३ रुग्ण होते. मुख्य उपाय म्हणून गॅनोडर्मा योजण्यास पुरेसा पुरावा नाहीं. इतर उपचारांच्या जोडीस दिल्यास गांठीवर कांहीं अनुकूल परिणाम संभवतो. पण त्यानें आयुष्य वाढतें कीं नाहीं हें निश्चित नाहीं, असा त्याचा निर्णय आहे. मधुमेहाच्या बाबतींत तर उत्तर अधिक स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियांत ८४ रुग्णांवर १६ आठवडे केलेल्या व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत, रोज ३ ग्रॅम गॅनोडर्मा घेऊनही रक्तांतील साखर कमी झाली नाहीं. अशा स्थितींत मधुमेहाची गोळी सोडून हें चूर्ण घेणें म्हणजे उभ्या पिकाचें पाणी तोडून आकाशाकडे पाहत बसणें होय.

मग अळंबीं निरुपयोगी आहेत काय? मुळींच नाहीं. अन्न म्हणून त्यांची योग्यता मोठी आहे. ताज्या अळंब्यांत शेंकडा सुमारें ९० भाग पाणी असलें, तरी उरलेल्या भागांत प्रथिनें व तंतु चांगल्या प्रमाणांत असून स्निग्धांश अत्यल्प असतो. त्यांतील ‘एर्गोस्टेरॉल’ या द्रव्यावर ऊन पडलें कीं त्याचें ‘ड’ जीवनसत्त्व बनतें. म्हणून कापलेलीं अळंबीं शिजविण्यापूर्वीं दुपारच्या उन्हांत अर्धा घटकाभर पसरून ठेवणें हा एक बिनखर्चाचा व लाभदायक उपाय आहे. भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर निघणारी धिंगरी आपल्याकडे अल्प भांडवलांत करतां येते, आणि या विषयाचें मार्गदर्शन करणारी भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची संस्था हिमाचल प्रदेशांत सोलन येथें आहे.

मात्र कांहीं सावधगिरी अवश्य ठेवावी. शिताके कच्चें किंवा अर्धवट शिजवून खाल्ल्यास कांहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात. तें पूर्ण शिजवून खावें. रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास वैद्यांस सांगितल्याशिवाय रेशीचें चूर्ण घेऊं नये, कारण रक्तस्राव वाढण्याचा संभव असतो. धिंगरी पिकविणारांनीं छत्र्या फार उमलण्यापूर्वींच तोडणी करावी, खोलींत हवा खेळती ठेवावी व नाकातोंडास फडकें बांधावें. तिचे सूक्ष्म बीजाणु सतत श्वासांत गेल्यास फुप्फुसांस विकार जडतो. ओळख नसलेलें रानांतील अळंबें तर कोणत्याही गुणाच्या आशेनें तोंडांत घालूं नये. कांहीं जातींचें विष यकृताचा नाश करतें व शिजवूनही जात नाहीं.

शेवटची सूचना विकणारांस. कर्करोग व मधुमेह बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींस १९५४ च्या औषधें व जादुई उपाय कायद्यानें बंदी आहे. आपल्या मालाच्या पिशवीवर असा मजकूर छापणारा शेतकरी अडचणींत येईल, आणि त्याहून वाईट म्हणजे तो मजकूर वाचून कोणी रुग्ण योग्य उपचारास मुकेल. तसेंच बीज विकत घेण्यापूर्वीं, पिकलेला माल कोण, कोणत्या भावानें व किती काळ घेणार, हें लेखी करून घ्यावें; औषधी म्हणविणाऱ्या अळंब्यांचें गिऱ्हाईक गांवच्या बाजारांत सहसा मिळत नाहीं. ताजी, स्वच्छ धिंगरी भाजी म्हणून विकण्यांत मात्र कोणाचीच फसवणूक नाहीं. अळंब्यास अन्नाच्या पंक्तींत मानाचें पान मिळावें. औषधाच्या पंक्तींत बसण्यापूर्वीं त्यानें वाफ्या-वाफ्याची परीक्षा द्यावी, इतकेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.