लठ्ठपणाचं बिल आपण भरतोच, पण फार उशिरा

खाणार एक आणि खिशाला चाट दुसऱ्याच्या, हे कुणालाच रुचत नाही. त्यामुळे लठ्ठपणातून येणाऱ्या आजारांचा खर्च कर भरणाऱ्यांनी का सोसावा, हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के जणांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. एवढ्या लोकांना ‘तुमचं तुम्ही निस्तरा’ म्हणण्याआधी त्यांचा स्वतःचा दोष किती, हे बघायला हवं.

त्याचं उत्तर पुण्याच्या आसपासच्या सहा गावांत सापडतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या गरोदर बायकांच्या नोंदी ठेवल्या. शेतात राबणाऱ्या, अंगानं बारीक, जेमतेम खाणाऱ्या या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची झाली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. मग बाळाच्या पाठीवरची, खांद्याच्या हाडाखालची कातडी मापाच्या चिमट्यात धरून तिची जाडी मोजली. स्नायू आणि पोटातले अवयव इंग्रज बाळांपेक्षा खूपच लहान होते, पण कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच टिकून होती. म्हणजे दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं बाळ. पुढे असंही दिसलं की ज्या आयांच्या रक्तात फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या अंगात सहाव्या वर्षी चरबी जास्त होती, आणि त्याच्या जोडीला बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर मुलांवर इन्सुलिनचा परिणाम सर्वांत कमी होत होता. सहा वर्षांच्या पोराला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तू जिभेवर ताबा ठेवला नाहीस?

‘लठ्ठ माणसं तिजोरी खातात’ हा हिशेबही कच्चा आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००८ मध्ये विसाव्या वर्षापासून मरेपर्यंतचा उपचारांचा खर्च मांडला. लठ्ठ माणसांचा खर्च निरोगी माणसांपेक्षा कमी भरला, कारण ती लवकर मरतात. लवकर मरण्यातून होणारी बचत कुठल्याही समाजानं जमेला धरू नये. मुद्दा पैशाइतकाच माणसांच्या वर्षांचाही आहे.

आपल्याकडे खरी गडबड वेगळीच आहे. एखाद्या शेतमजुराला चाळिशीत मधुमेह जडतो. तपासणी, डॉक्टरची फी, बाहेरून आणाव्या लागणाऱ्या गोळ्या, सगळं घरातून जातं. मजुरी बुडाली की गोळ्या बंद. दहा वर्षांनी मूत्रपिंडं निकामी होतात किंवा हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, आणि तेव्हा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना त्याच्या मदतीला येते. डायलिसिसला पैसे आहेत, अँजिओप्लास्टीला आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण महिन्याच्या गोळ्या आणि रक्ततपासणी यांचा भार मुख्यतः घरावरच राहतो. २०२१-२२ मध्ये देशातल्या आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. समाज खर्च उचलतोच आहे, पण सर्वांत महागड्या टप्प्यावर, माणूस हातचा जाऊ लागल्यावर.

पैसा कुठून आणायचा, हे ब्रिटननं दाखवलंय. २०१८ पासून तिथे शीतपेयावर साखरेच्या प्रमाणात कर आहे: १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम साखर असेल तर एक दर, ८ ग्रॅम झाली की त्याहून जास्त. कर लागू होण्याआधीच बऱ्याच कंपन्यांनी साखर कमी करून टाकली. आपला जीएसटी साखर मोजत नाही. सप्टेंबर २०२५ पासून फसफसणाऱ्या गोड पेयांवर ४० टक्के कर आहे, बिनसाखरेच्या कोलावरही तेवढाच. त्याच फेरबदलात बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, फरसाण १२ वरून ५ वर, आणि साखर घातलेली, न फसफसणारी आंब्याची पेयंही ५ वर. शाळेसमोरच्या टपरीवर मधल्या सुट्टीत पोरं हात घालतात ते याच मालाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढून घरातलं तेल १० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं होतं. हे आवाहन योग्यच होतं. कराचे दर मात्र त्याच्या उलट दिशेला गेले.

खर्च करायचा तर तो आधी करावा: उपकेंद्रात कमरेचं माप आणि साखरेची तपासणी, गोळ्यांचा खंड न पडणारा साठा, आणि उद्या आई होणाऱ्या मुलींचं जेवण. बी-१२ आपल्याला मिळतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून, भाजी-भाकरीतून नाही. महाराष्ट्रानं २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा वेगळा निधी थांबवला आणि शाळांना लोकसहभागातून अंडी मिळवायला सांगितलं. गावातल्या ज्या शाळेत मुलींना घरी अंडं मिळत नाही, तिथे लोकवर्गणी देणार तरी कोण? तो निधी सरकारनं पूर्ववत करावा, आणि आठवड्याला एकाऐवजी तीन अंड्यांचा करावा.