डिस्कमधल्या ओव्या

गावाहून परतलो त्याच रात्री आमचा लॅपटॉप गतप्राण झाला. आत्याने सांगितलेल्या जात्यावरच्या १५० ओव्या त्यात होत्या. गावी नेट नाही, तेव्हा क्लाउडवर त्या चढल्याच नव्हत्या. आणि आत्या एकच ओवी दोनदा सारखी सांगेल तर शपथ!

दुरुस्तीवाला मात्र शांत. “सर, मदरबोर्ड गेलाय, डिस्क नाही.” त्याने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. टिपणांची पुष्कळ अ‍ॅप्स मजकूर प्रथम डिस्कवरच, ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या दडलेल्या फोल्डरात ठेवतात. ते आधी जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, मग उघडायचे. घाईने त्याच डिस्कवर विंडोज पुन्हा घालणे म्हणजे लिहिलेल्या पाटीवर पाणी!

शेवटचे टिपण तेवढे फाटके निघाले. १४३ ओव्या हाती आल्या. उरलेल्या ७ विचारायला आत्याला फोन केला, तर तिने नव्याच ९ ऐकवल्या.