त्वचेचा लिम्फोमा : निदानातील प्रकारभेद

रत्नागिरीच्या दमट हवेत अंगावरील फिकट चट्टा बहुधा ‘शिबे’ समजला जातो. चट्टा बधिर किंवा मज्जातंतू जाड असल्यास कुष्ठरोगाचा विचार होतो. परंतु संवेदना शाबूत असून उपचारांनंतरही चट्टा टिकल्यास ‘मायकोसिस फंगॉइडिस’ या टी-पेशीय लिम्फोमाची शक्यता तपासणे आवश्यक ठरते. सावळ्या त्वचेवर तो अशा फिकट रूपातही आढळतो. १८०६ मध्ये फ्रेंच वैद्य आलिबेर यांनी वर्णिलेल्या या कर्करोगाचे नाव भूछत्रासारख्या गाठींवरून पडले. बुरशीशी त्याचा संबंध नाही. सर्वांग लाल होऊन रक्तातही विकृत टी-पेशी आढळल्यास ‘सेझारी सिंड्रोम’, तर गाठींतील पेशींवर सीडी-२० हे प्रथिन असल्यास बी-पेशीय लिम्फोमा संभवतो. पहिली बायॉप्सी संदिग्ध आली तरी पुनर्तपासणी टाळू नये. कारण प्रकारागणिक उपचार भिन्न असतात.