मित्रमेळ्यातील विरही : एका विनोदी पात्रप्रकाराची मीमांसा

विरही कोण आणि विदूषक कोण, हा प्रश्न जुन्या रंगभूमीवर सहसा उपस्थित होत नसे. ‘शाकुंतला’त दुष्यंत झुरतो आणि माढव्य हसवितो, ‘स्वप्नवासवदत्ता’त उदयन पत्नीच्या आठवणीने व्याकुळ होतो आणि वसंतक त्याच्या दुःखाला हलकेपणा आणतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरही ही विभागणी बऱ्याच अंशी टिकून आहे. दिवाळीनंतरच्या हंगामात रात्रभर चालणाऱ्या तेथील नाटकात विनोदी पात्राला स्वतःचे असे स्थान असते. भंडारा जिल्ह्यातील शहापूरच्या प्रेक्षकाला ही परंपरा परिसरातूनच परिचित असते. त्याच्या घरातील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र एकच पात्र झुरते आणि तेच हसविते. या एकीकरणाचे स्वरूप व त्याचे परिणाम यांचा विचार येथे करावयाचा आहे.

या पात्रप्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेतील रॉस गेलर होय. ही मालिका एनबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर १९९४ पासून ६ मे २००४ पर्यंत दहा पर्वांत प्रसारित झाली. डेव्हिड श्विमर यांनी साकारलेला रॉस हा पुराजीवशास्त्रज्ञ आहे. पहिल्याच भागात तो पत्नीपासून विभक्त झालेला दिसतो, आणि त्याच भागात स्वतःच्या विवाहसमारंभातून पळून आलेली रेचेल मित्रांच्या नेहमीच्या कॉफीगृहात प्रवेश करते. शालेय वयापासून त्याच्या मनात तिच्याविषयी प्रेम आहे. परंतु ते बोलून दाखविण्याचे धैर्य त्याला होत नाही. तिला ते कळते तेव्हा तो दुसऱ्या स्त्रीसमवेत प्रवासाहून परततो. पुढे लंडनमध्ये एमिलीशी विवाह करीत असता शपथेच्या वेळी त्याच्या तोंडून रेचेलचे नाव निघते. दुःखाचा प्रसंग आणि हास्याचा प्रसंग येथे निरनिराळे राहिलेले नाहीत.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत रॉसची आरंभीची अवस्था ‘पूर्वराग’ या नावाने ओळखता येईल. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास व करुण असे चार भेद सांगितले आहेत. मीलनापूर्वीची अभिलाषा म्हणजे पूर्वराग. ही अभिलाषा गंभीर असता तिचे हास्यात रूपांतर कसे होते, याचे उत्तर भरताने सूचित केले आहे. ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली असून शृंगाराची अनुकृती ते हास्य, असे तेथील मत आहे. अभिनवगुप्ताने या विचाराला अधिक धार दिली. सीतेविषयी रावणाची अभिलाषा ही रती नसून रतीचा आभास होय; कारण तीत परस्परता नाही, आणि अभिलाषा बाळगणाऱ्याला त्या अभावाची जाणीवही नाही. आभास ओळखणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात त्यातून हास्य उपजते. ‘संगीत शारदा’ (१८९९) या देवलांच्या नाटकातील भुजंगनाथाच्या विवाहोत्सुकतेला प्रेक्षक हसतो, तो याच न्यायाने.

तथापि रावण अथवा भुजंगनाथ यांना हसताना प्रेक्षकाच्या मनात आपुलकी नसते. रॉसला हसताना ती असते. हा भेद कशामुळे पडतो? पहिले कारण असे की, रॉसला आपली फजिती कळते. परस्परतेच्या अभावाची जाणीव त्याला आहे, आणि ती जाणीवच त्याला संकोची बनविते. दुसरे कारण मित्रमेळा हे होय. विदूषकाचे कार्य या प्रकारच्या मालिकेत एका व्यक्तीकडे न राहता सर्व मित्रांत वाटले जाते. ते विरह्याची थट्टा करतात, त्याच्या भ्रमाला टाचणी लावतात आणि तरीही त्याच्याजवळ बसून राहतात. त्यांच्या हसण्यामुळे प्रेक्षकालाही हसण्याची मुभा मिळते व त्यांच्या जिव्हाळ्यामुळे त्या हसण्यातील क्रौर्य नाहीसे होते.

मराठीत या रचनेचे निकटचे रूप ‘दिल दोस्ती दुनियादारी’ या मालिकेत आढळते. झी मराठी वाहिनीवर २०१५-१६ मध्ये प्रसारित झालेल्या या मालिकेत सहा तरुण-तरुणी मुंबईत एका घरात एकत्र राहतात. त्या घराला ‘माजघर’ असे नाव आहे. सखी गोखले यांनी साकारलेली रेश्मा विवाहानंतर मुंबईत येते आणि पतीने केलेल्या प्रतारणेमुळे या घराच्या आश्रयाला येते. जुन्या नायिकाभेदात तिला खंडितेच्या जवळ ठेवता येईल. पण खंडितेचा रोष प्रियकराभोवती फिरतो, तर रेश्माचे आयुष्य हळूहळू मित्रांभोवती उभे राहते. येथे मराठी मालिकेने केलेला फरक महत्त्वाचा आहे : भग्न प्रेमाची भरपाई दुसऱ्या प्रेमाने होण्यापूर्वी ती घराने होते. ‘माजघर’ हा शब्द कुटुंबाच्या अंतर्भागाचा वाचक आहे; तो मित्रांच्या बिऱ्हाडाला लावण्यात मालिकेची भूमिका सामावलेली आहे.

या पात्रप्रकाराची एक बाजू मात्र केवळ रसचर्चेने मिटणारी नाही. साप्ताहिक वा दैनंदिन मालिकेला कथानक लांबवावे लागते; म्हणून विरह ही संपणारी अवस्था न राहता पात्राचा स्वभाव बनते. इतकी वर्षे वाट पाहणाऱ्याला अखेर फळ द्यावे, अशी अपेक्षाही त्यातून निर्माण होते. ‘फ्रेंड्स’च्या अंतिम भागात रेचेल विमानातून उतरून रॉसकडे परतते. वाट पाहणाऱ्याचा हक्क शेवटी सिद्ध होतो, असा अर्थ त्यातून निघू शकतो. महाराष्ट्रात ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतील गुन्ह्यांच्या बातम्यांतही येतो. विदर्भातच, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे ३ फेब्रुवारी २०२० रोजी एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले व १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. पाठलाग हा २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत स्वतंत्र अपराध ठरला, आणि भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. अशा कृत्यांचे कारण मालिकांत शोधणे अशास्त्रीय ठरेल. परंतु विनोदी विरही आणि पाठलाग करणारा यांतील सीमारेषा कोठे आहे, हे सांगणे समीक्षेचे काम आहे.

ती सीमारेषा नकाराच्या स्वीकारात आहे. रॉस रेचेलच्या सहकाऱ्याविषयी मत्सर करू लागतो, तेव्हा मालिका त्याची बाजू न घेता त्या मत्सरालाच हास्यविषय करते, आणि त्याचे प्रेमसंबंध तुटतात. हास्य येथे शासनाचे काम करते. जोवर हसू विरह्याच्या स्वतःच्या हट्टावर येते, तोवर हा प्रकार निरोगी राहतो. ज्या क्षणी हट्टाला निष्ठेचे नाव मिळते आणि नकार देणारी व्यक्ती हास्याचा विषय बनते, त्या क्षणी अभिनवगुप्ताने ज्याला आभास म्हटले तोच आदर्श म्हणून पुढे येतो.

शहापूरहून नागपूर, पुणे वा मुंबई येथे शिक्षणासाठी जाणाऱ्या तरुणाला मित्रांबरोबर एका खोलीत राहावे लागते. अशा वेळी त्याचे पहिले प्रेम व पहिला नकार यांचे साक्षीदार आईवडिलांऐवजी खोलीतील सोबती होतात. त्या सोबत्यांनी माढव्याप्रमाणे त्याची थट्टाही केली पाहिजे आणि माजघराप्रमाणे त्याला आसराही दिला पाहिजे. या दोहोंपैकी एक वगळले, तर मित्रमेळ्याचे कार्य अपुरे राहते.