मॉनिटर ‘इलेक्ट’ झाला की ‘अपॉइंट’?

दोस्तांनो, बाईंनी तुम्हाला वर्गाचा मॉनिटर नेमलं आणि तुम्ही इंग्रजी निबंधात ‘आय वॉज इलेक्टेड मॉनिटर’ असं ठोकून दिलंत, तर ती चक्क थाप झाली! कारण ‘इलेक्ट’ म्हणजे मतं देऊन निवडणं. बाईंनी नेमलं, तर तिथं ‘अपॉइंट’च हवं.

आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी प्रतीत हे शब्द अगदी तोलून वापरलेत. राष्ट्रपती ‘इलेक्ट’ होतात. २००७ साली प्रतिभाताई पाटील झाल्या, त्या खासदार-आमदारांच्या मतांवर. आणि पंतप्रधान? त्यांना राष्ट्रपती ‘अपॉइंट’ करतात! राज्यसभेतले १२ सभासद तर राष्ट्रपती ‘नॉमिनेट’ करतात. १९९९ मध्ये लता मंगेशकर आणि २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर असेच खासदार झाले. एकाही मताशिवाय!

हा ‘नॉमिनेट’ मोठा लबाड आहे बरं का. राज्यसभेत तो थेट खुर्ची देतो, ऑस्करला मात्र नुसतं शर्यतीत उभं करतो. २००४ साली भारतातर्फे पाठवायला ‘श्वास’ हा मराठी सिनेमा ‘सिलेक्ट’ झाला, म्हणजे अनेकांतून पारखून घेतला गेला. पण शेवटच्या पाचांत तो आला नाही, म्हणून ‘नॉमिनेट’ झाला असं म्हणता येत नाही. ‘लगान’ २००२ मध्ये नॉमिनेट झाला, बक्षीस मात्र दुसऱ्याच सिनेमानं नेलं.

आणि हो, ‘दे इलेक्टेड हर प्रेसिडेंट’ लिहिताना ‘प्रेसिडेंट’च्या आधी ‘अ’ घुसडू नका. खुर्ची एकच असते ना!